चर्चासत्राची बातमी आदल्या आठवड्यात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदोनदा तरी एक ठरावीक फोटो असतो. व्यासपीठावर सात-आठ जण ओळीने उभे, मधल्या पाहुण्यांच्या खांद्यावर शाल, हातात रोपाची कुंडी आणि खाली मजकूर: अमुक विभागात राष्ट्रीय चर्चासत्र उत्साहात पार पडले. पार पडल्यावर आम्हाला कळून उपयोग काय?

बेळगावला विद्येची वानवा नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून. केएलईचे अभिमत विद्यापीठ आहे, नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. धारवाडला आयआयटी आली त्यालाही बरीच वर्षे झाली. या सगळ्यांकडे बाहेरगावचे अभ्यासक येत असतात आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च बहुतेक वेळा सरकारी पैशातून, म्हणजे आपल्याच खिशातून होतो.

इथल्या माणसाला ऐकायची हौस नाही असे कुणी म्हणू नये. सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनाला लोक मांडवात खाली बसून तासन्‌तास भाषणे ऐकतात. हाच श्रोता विद्यापीठाच्या हॉलमध्ये मात्र दिसत नाही, कारण त्याला कुणी बोलावत नाही आणि आपण होऊन गेलाच तर त्याचे काय होते ते मी पाहिले आहे.

ओळखीच्या एका मुलीने सांगितले म्हणून मी अशा एका संस्थेत व्याख्यानाला गेलो. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण अनुभव सगळीकडे कमीअधिक असाच येईल. गेटवर विचारणा झाली, ‘कुठल्या कॉलेजचे?’ कुठल्याच नाही म्हटल्यावर वहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहावे याचा सुरक्षारक्षकालाच प्रश्न पडला. शेवटी त्याने ‘पालक’ असे लिहिले आणि आत सोडले. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

आत वक्त्या बोलत होत्या भातशेतीवर. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहावरच्या साध्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही, पण रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ साचलेले पाणी त्या लहरी आरशासारख्या भलतीकडेच परतवते, म्हणून चित्रात ते काळे दिसते. रोप वाढून पाण्याच्या वर आले की लहरी पाण्यावरून धाटांवर आणि धाटांवरून पुन्हा उपग्रहाकडे जातात; मग तोच तुकडा उजळतो. इंग्रजीतून चालले होते, तरी चित्रे पाहून एवढे समजायला अडचण आली नाही.

माझे थोडे रान बळ्ळारी नाल्याच्या बाजूला आहे. हात वर करून मी विचारले (मराठीतून, आणि शेजारच्या विद्यार्थ्याने ते इंग्रजीत सांगितले) की लावणीसाठी आम्ही बांध घालून कोंडलेले पाणी काळे दिसणार आणि नाला फुगून शिवारात घुसलेले पाणीही काळेच दिसणार, मग दोन्ही वेगळे कसे ओळखता? बाई म्हणाल्या, एका चित्रावरून नाही ओळखता येत. पंधरा-पंधरा दिवसांची चित्रे ओळीने लावली तर लावणीचे पाणी हळूहळू पिकाखाली झाकले जाताना दिसते. मग त्यांनीच मला विचारले, तुमच्याकडे धूळवाफ पेरणी (कोरड्या मातीत थेट केलेली) किती आणि लावणी किती? धूळवाफेचा हिशेब आम्ही अजून धरलेला नाही, असेही त्या म्हणाल्या. मी आमच्या शिवारापुरते सांगितले आणि पुढच्या बाकावरच्या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतले.

पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसणाऱ्या शेतकऱ्याला हा विषय किती जवळचा आहे ते वेगळे सांगायला नको. त्या हॉलमध्ये शेतकरी मी एकटा होतो.

आपल्या व्याख्यानमालांत वक्ता तयार होऊन येतो, बोलतो, टाळ्या घेतो. ते चांगलेच आहे. चर्चासत्रात काम अर्धवट असते आणि वक्ता ते अर्धवट काम लोकांसमोर ठेवतो. ‘याचे उत्तर आमच्याकडे नाही’ हे वाक्य व्यासपीठावरून आम्ही जवळजवळ कधीच ऐकलेले नाही. पीएच.डी.ची मौखिक परीक्षाही खुली असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीत विभागातले प्राध्यापक आणि संशोधक यांच्याबरोबर इतर इच्छुक जाणकारांनाही तिथे बसण्याची मुभा दिली होती. आपल्या तालुक्यातल्या नद्या, भाषा, आजार, मंदिरे यांवर कोण काय लिहितो आहे ते तिथे ऐकता येईल, पण तारीख कळते कुणाला?

दुसरीकडे हे जमते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘चाय अँड व्हाय’ नावाने थेट नाट्यगृहात येऊन विज्ञानावर गप्पा मारते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था वर्षातून एक दिवस सगळ्या प्रयोगशाळा लोकांना खुल्या करते. आपल्याकडे शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या अहवालात किती कार्यक्रम झाले ते भरायचे असते, आणि खुर्च्या भरायला हजेरीच्या धाकाने मुले आणून बसवली की काम भागते. ती बिचारी मोबाईलमध्ये डोके घालून प्रमाणपत्राची वाट पाहतात. त्यातून उद्‌घाटन, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार आणि सत्काराला उत्तर यात पाऊण तास जातो आणि चारशे मैलांवरून आलेल्या माणसाला ‘वेळेअभावी थोडक्यात’ अशी चिठ्ठी जाते. सत्कार शेवटी ठेवले तर निदान कंटाळलेल्यांना उठून जाता येईल.

आपल्या बाजूचेही सांगतो. आम्हा ज्येष्ठांना प्रश्न विचारा म्हटले की आम्ही भाषण सुरू करतो आणि प्रश्न राहूनच जातो. अशाने दारे उघडलेली पुन्हा बंद होतील. भाषेचे म्हणाल तर व्याख्यान इंग्रजीत असो वा कानडीत, प्रश्न मराठीतून किंवा कानडीतून विचारायची मोकळीक असावी आणि विभागातल्या एखाद्या मुलाने तो पुढे पोचवावा. दोन्ही भाषा येणारी मुले इथे प्रत्येक वर्गात आहेत. यासाठी कुणाला ठराव करावा लागणार नाही.

विद्यापीठांनी एवढे करावे: खुल्या व्याख्यानाची सूचना आठवडाभर आधी वर्तमानपत्राकडे पाठवावी, गेटवर तशी चिठ्ठी द्यावी आणि नोंदणीच्या अर्जात ‘संस्था’ हा रकाना सक्तीचा ठेवू नये. आमच्याकडच्या बायकांना तर शक्ती योजनेमुळे बसचे तिकीटही पडत नाही, वेळ कळली तर त्या येतील. आपल्याला विनंती अशी की ‘आजचे कार्यक्रम’ सदरात हळदीकुंकू आणि वर्धापनदिनाच्या शेजारी या व्याख्यानांनाही दोन ओळी द्याव्यात. विषय, वक्ता, वेळ, आणि मुख्य म्हणजे कुठली इमारत, कितवा मजला. मोठ्या आवारात हॉल शोधण्यातच अर्धे व्याख्यान संपते.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
वडगाव, बेळगाव