सिनेटरसाहेब, कायदा आहे. दाद कुठे मागायची?

मा. सिनेटरसाहेब,
टेक्सास राज्य विधिमंडळ, ऑस्टिन

स. न. वि. वि.

आपल्याला इंग्रजीतून दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच उत्तर आलं, अक्षरन् अक्षर तेच, खाली आपली छापील सही. आपण शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे खंबीर पाठीराखे आहात एवढंच त्यात होतं. कायद्यानं गाडीत ठेवू दिलेल्या पिस्तुलामुळे माझी नोकरी गेली, तर दाद कुठे मागायची, या माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून हे तिसरं पत्र मराठीत आणि उघड लिहिते आहे. माझी लेक त्याचं इंग्रजी करून आपल्या कचेरीत देईल. पण आधी ते इथल्या मराठी घरांत वाचलं जावं, कारण माझ्यासारख्या नाईट ड्यूटी करणाऱ्या बऱ्याच जणी या घरांत आहेत आणि कायदा आपल्या पाठीशी आहे असं त्या धरून चालतात. मीही धरून चालले होते.

२ जूनला अधिवेशन संपलं. १४ जानेवारीपासून १४० दिवस, रोज सकाळी चहा घेताना मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या नावापुढची विधेयकं बघत होते. मला हवं ते त्यात कधीच आलं नाही. गेल्या सप्टेंबरात आपण आमच्या गणपतीच्या आरतीला आला होतात. मंडळाच्या मुलांनी आपल्याला फेटा बांधला होता. प्रसादाच्या रांगेत मी आपल्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. माझा हात दोन्ही हातांत घेऊन आपण म्हणालात, पुढच्याच अधिवेशनात हे दुरुस्त करणारं विधेयक आणतो. निवडणूक दोन महिन्यांवर होती. मी तो बाप्पासमोर दिलेला शब्द समजले.

त्या गर्दीत आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते.

मी मिरजेची. तिथेच नर्सिंग शिकले. पिस्तूल सोडाच, बँकेच्या दारातल्या रखवालदाराची दुनळी बंदूक सोडली तर कुठलंच शस्त्र मी जवळून पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांनाही बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. अशा मुलखातली बाई २००३ साली ह्यूस्टनला आली, परीक्षा दिल्या, नागरिक झाली आणि एकवीस वर्षं रात्रपाळी केली. संध्याकाळी सात ते सकाळी सात. रुग्ण कमी असले की रात्री अडीच-तीनला 'घरी जा' म्हणतात आणि त्या तासांचे पैसे कापतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कर्मचाऱ्यांचा पार्किंग लॉट मुख्य इमारतीपासून तीन चौक दूर. जवळची जागा डॉक्टरांना आणि पैसे भरणाऱ्या पाहुण्यांना.

२०१९ च्या डिसेंबरात अशीच पहाटे तीनला निघाले होते. पाऊस होता. गाडीचं दार उघडत असतानाच मागून एक माणूस आला आणि त्यानं चाकू लावला. पर्स गेली, फोन गेला, मंगळसूत्र गेलं. मानेवर अजून वळ आहे. दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागाकडे गेले, रात्री कुणीतरी गाडीपर्यंत सोबत द्या म्हणून सांगितलं. त्यांनी एक अर्ज भरून घेतला. सोबत मात्र कधीच मिळाली नाही.

मग मी पिस्तुलाच्या परवान्यासाठी राज्याच्या नियमाप्रमाणे वर्ग केला, बोटांचे ठसे दिले, ४० डॉलर भरले. पन्नास गोळ्यांची परीक्षा. पहिल्या गोळीच्या आवाजानं मला रडू फुटलं होतं. शिकवणारे आजोबा थांबले, म्हणाले, ताई, सावकाश. पास झाले. त्यानंतर चार वर्षांहून जास्त काळ ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल ड्यूटीच्या रात्री माझ्या गाडीतल्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कुलपात असायचं. इमारतीत ते मी एकदाही नेलं नाही. रुग्णालयात शस्त्र नेणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. पण राज्याच्या दंडसंहितेत 'आवार' म्हणजे इमारत, वाहनतळ त्यात धरायचा नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. मी नियम वाचून वागणारी बाई आहे. औषधाची मात्रा तीनदा तपासून देणारी.

ऑगस्ट २०२४. सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली. रखवालदार केबल घेऊन आला. विम्याचे कागद काढायला मी कप्पा उघडला, त्याला पिस्तूल दिसलं. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एचआरनं बोलावलं. मी कायद्याचा कागद छापून नेला होता: कामगार संहिता, कलम ५२.०६१. परवानाधारक कर्मचाऱ्याला स्वतःच्या कुलूपबंद खासगी गाडीत, मालकानं दिलेल्या पार्किंगमध्ये शस्त्र ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. शाळांना सूट आहे, मालकाच्या स्वतःच्या गाड्यांना सूट आहे, रुग्णालयांना नाही. समोरच्या बाईंनी कागद न उचलता मला सांगितलं, आमचं धोरण सगळ्या आवाराला लागू आहे. अकरा वाजता माझा बिल्ला जमा करून घेतला. एकवीस वर्षांचा लॉकर एका खोक्यात मावला.

वकिलाकडे गेले. त्यानं सांगितलं ते ऐकून मी त्याच्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसले होते. २०११ साली तुमच्या विधिमंडळानं हा कायदा केला, १ सप्टेंबरपासून लागू केला, सगळ्यांनी भाषणं केली. पण तो मोडणाऱ्याला दंड किती, नोकरी गेलेल्यानं कुणाकडे जायचं, याची एक ओळ त्यात लिहिलेली नाही. ५२.०६१ मध्ये हक्क आहे. ५२.०६३ मध्ये मालकाला संरक्षण आहे: गाडीतल्या शस्त्रामुळे काही झालं तर, घोर निष्काळजीपणा सोडून, तो जबाबदार नाही, आणि पार्किंगवर गस्त घालण्याचं बंधनही त्याच्यावर नाही. म्हणजे पहाटे तीनला माझं रक्षण करायला तो बांधलेला नाही, आणि मी स्वतःची सोय केली तर मला काढायला मोकळा. मालकाचं संरक्षण पक्कं लिहायचं तुम्हाला सुचलं, माझं लिहायचं राहून गेलं? चौदा वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही?

इतर राज्यांच्या लक्षात आलं. टेनेसीनं २०१३ साली असाच अर्धा कायदा केला. तो फक्त फौजदारी गुन्हा काढून टाकतो, मालक तरीही नोकरीवरून काढू शकतो, असं त्यांच्याच अॅटर्नी जनरलनं सांगितल्यावर २०१५ मध्ये त्यांनी दुरुस्ती करून कर्मचाऱ्याला दावा लावण्याचा हक्क दिला. फ्लोरिडानं २००८ मध्ये पहिल्याच दिवशी तो दिला. ओक्लाहोमात एका कागद कारखान्यानं २००२ साली पार्किंगमधल्या गाड्या तपासून डझनभर कामगार काढले, तेव्हापासून हा सगळा प्रश्न पेटला. बड्या कंपन्या त्या राज्याच्या कायद्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये अपिलात हरल्या. मिसिसिपीत कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नसताना २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कामगाराच्या बाजूनं कौल दिला. आणि आमचं टेक्सास, शस्त्रांच्या हक्काचं नाव सगळ्यात मोठ्यानं घेणारं? २०२१ मध्ये तुम्ही विनापरवाना पिस्तूल बाळगायची मुभा दिलीत, समारंभ करून साजरी केलीत. परवाना घेऊन, ठसे देऊन, नियमानं वागणारी नर्स मात्र रस्त्यावर.

मला दुसरी बाजू दिसत नाही असं समजू नका. नर्स आहे मी, गोळी लागलेली माणसं मी हातांनी धुतली आहेत. २००३ मध्ये मिसिसिपीतल्या मेरिडियनला एका कारखान्यातला कामगार बैठकीतून उठून स्वतःच्या ट्रककडे गेला आणि बंदुका घेऊन परत आला. २००८ मध्ये केंटकीतल्या हेंडरसनला वरिष्ठाशी वाद झाल्यावर एकानं पिस्तूल काढून पाच जणांना मारलं. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास छापून आला. कामाच्या जागी बंदुकीला परवानगी असेल तिथे खुनाची शक्यता सुमारे पाच पट, असं त्यात निघालं. तो वाचून मी रात्रभर झोपले नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गाडीत काय असेल, ही भीती मलाही होती. म्हणून मी म्हणते, हा कायदा नको असेल तर उघडपणे रद्द करा. विधिमंडळात उभे राहून सांगा की पार्किंग सुरक्षित ठेवायचं काम मालकाचं, आणि त्याच्यावर ते बंधनकारक करा. मी पिस्तूल त्या दिवशी परत करीन. पण हक्क आहे असं आम्हाला सांगायचं आणि तो बजावला म्हणून आमची भाकरी गेली की पाठ फिरवायची, हे कुठल्या बाजूचं धोरण?

ही भाकरी म्हणजे नुसता पगारही नसतो. या देशात नोकरीबरोबर डॉक्टर जातो. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे, इन्सुलिन आहे. कोब्रा नावाच्या कायद्याखाली नोकरी गेल्यावरही तोच आरोग्य विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर दोन टक्के. बचतीतून पाच महिने भरला, मग सोडला. जानेवारीत त्यांचा पाय सुजला आणि आम्ही चार दिवस घरीच बसलो, मी घरातली नर्स म्हणून. चौपन्नाव्या वर्षी नवीन नोकरीचा प्रत्येक अर्ज विचारतो, आधी कुठून काढून टाकलं होतं का? 'हो' लिहिलं की पुढे फोन येत नाही. आता एजन्सीतर्फे मिळेल तिथे पाळ्या करते, कमी पैशांत, तसेच अंधारे लॉट. मिरजेला आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी सुट्टीवर आहे. आणि आमच्याच मंडळात कुणीतरी मला 'पिस्तूलवाली सिस्टर' असं नाव ठेवलंय, ते लेकीच्या कानावर आलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

वकिलानं १८८८ सालापासूनची गोष्ट सांगितली. तेव्हापासून टेक्सासमध्ये मालकानं कुणालाही, केव्हाही, कारण न देता काढावं, हाच नियम. त्याला १९८५ मध्ये न्यायालयानं एवढंच भोक पाडलं: बेकायदा काम करायला नकार दिला म्हणून काढलं, तर दावा चालतो. म्हणजे मालकानं मला गुन्हा करायला सांगितला असता आणि मी नाही म्हटलं असतं तर कायदा माझा. मी कायद्यानं दिलेली मुभा घेतली, तर तो माझा नाही. हे मी आमच्या स्वयंपाकघरात बसून नवऱ्याला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा माझंच डोकं फिरलं. बंदूक हे एक निमित्त आहे, सिनेटरसाहेब. उद्या साहेबाला उलट बोलले म्हणून, परवा चेहरा आवडला नाही म्हणून, हेच होणार. शंभराहून जास्त वर्षं जपलेल्या या नियमाला तुमच्या भाषणांत 'स्वातंत्र्य' म्हणतात. ते स्वातंत्र्य माझ्या वाट्याला कधी आलं?

२०१८ मध्ये या देशात कामाच्या जागी हिंसाचारानं जखमी होऊन सुट्टी घ्यावी लागलेल्यांत ७३ टक्के लोक आरोग्यसेवेतले होते, हे सरकारचे आकडे आहेत. २०२२ मध्ये डॅलसच्या एका रुग्णालयात पॅरोलवर सुटलेल्या माणसानं प्रसूती विभागात दोन कर्मचाऱ्यांना मारलं. त्यानंतर तुम्ही २०२३ मध्ये रुग्णालयांनी हिंसा रोखण्यासाठी समित्या नेमाव्यात असा कायदा केलात. समित्या दुपारी भरतात. मला चाकू लागला तो पहाटे तीनला.

मला हवं ते एका परिच्छेदाचं आहे. ५२.०६१ मोडून कर्मचाऱ्याला काढलं तर त्याला दावा लावता यावा, मागचा पगार आणि वकिलाचा खर्च मिळावा. टेनेसीचा मजकूर तयार आहे, तो पाकिटात जोडला आहे. आणि त्याच दुरुस्तीत, ज्या मालकाचा वाहनतळ इमारतीपासून दूर आहे त्यानं रात्री सोबत द्यावी, हेही घाला. ती मिळाली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये. विधेयकं आधी दाखल करायला नोव्हेंबर २०२६ मध्ये निवडणुकीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरुवात होते. त्या सोमवारी मी रात्रपाळी संपवून थेट ऑस्टिनला येणार आहे आणि तुमच्या कचेरीच्या दारात बसणार आहे. मला छापील उत्तर नको. विधेयकाचा क्रमांक हवा.

आपली,
आपल्या मतदारसंघातली एक नर्स
ह्यूस्टन, जून २०२५