घराच्या कामाचं टॅक्स क्रेडिट सोडून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत घराला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), नव्या खिडक्या, हीट पंप (घर गरम-थंड करणारं यंत्र) बसवला की खर्चाच्या ३० टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट सूट, मिळायचं ते ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झालं आणि तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीत ज्याला विचारावं तो म्हणतो, आता कशाला त्या भानगडीत पडायचं. हे चुकीचं आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण इकडचे बरेच मराठी लोक तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात.

काम ३१ डिसेंबरच्या आत पूर्ण झालं असेल तर २०२५ च्या रिटर्नसोबत फॉर्म ५६९५ भरा, क्रेडिट मिळतं. तारीख धरतात ती काम पूर्ण झाल्याची, पैसे दिल्याची नाही, म्हणजे डिसेंबरात अ‍ॅडव्हान्स देऊन जानेवारीत खिडक्या बसल्या असतील तर मात्र नाही. आणि २०२३ किंवा २०२४ ला काम करून क्लेम राहून गेला असेल तर १०४०-एक्स भरून जुना रिटर्न दुरुस्त करता येतो, २०२३ चा वेळेत भरला असेल तर एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे.

आता हिशोब बघा. खिडक्यांचं सामान ५००० डॉलरचं, ३० टक्के म्हणजे १५००, पण खिडक्यांना मर्यादा ६०० ची. अ‍ॅटिकच्या (छताखालच्या माळ्याच्या) इन्सुलेशनचं सामान १८०० चं, त्याचे ५४०. झाले ११४०, खिडक्या-इन्सुलेशनच्या गटाची वर्षाची मर्यादा १२०० आहे त्यात बसलं. हीट पंपाला वेगळे २००० पर्यंत. खिडक्या आणि इन्सुलेशनची मजुरी धरत नाहीत, हीट पंपाची धरतात, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरकडून सामान आणि मजुरी वेगळी दाखवलेलं बिल मागून घ्याच. २०२५ च्या खिडक्या आणि हीट पंपासाठी उत्पादक कंपनीचा चार अक्षरी कोड फॉर्मवर लागतो, इन्सुलेशनला लागत नाही. वीज कंपनीकडून रिबेट मिळाला असेल तर तो आधी खर्चातून वजा करा. भाड्याने दिलेल्या घराला हे क्रेडिट नाही, स्वतः राहता त्याच घराला. आणि त्या वर्षीचा टॅक्स जेवढा असेल तेवढंच मिळतं, उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नाही.

२०२२ च्या कायद्यात ही सवलत २०३२ पर्यंत होती, लोकांनी त्या भरवशावर कामं टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं होतं आणि जुलै २०२५ मध्ये नवा कायदा करून ती मधेच तोडली याचा मला खरंच राग आहे. पण ज्यांनी वेळेत काम केलंय त्यांनी तरी हक्काचे पैसे का सोडायचे? टॅक्स भरून देणारे बरेचजण हे आपणहून विचारत नाहीत, तुम्हीच बिलं पुढे ठेवा.

१५ एप्रिलच्या, म्हणजे रिटर्न भरायच्या मुदतीच्या, आत हे पत्र छापलंत तर बऱ्याच घरांना उपयोग होईल, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांनी एखाद्या शनिवारी फॉर्म ५६९५ समोर ठेवून सगळ्यांना दाखवावा अशी कळकळीची विनंती.

एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी