दादा, त्या रात्रीच्या दोन टोप्यांसाठी थँक्यू

दादा, व्हॉट्सॲपवर अंगठा टाकून झालाय माझा, पण तेवढ्यावर भागवलं तर आत्या मला काय बोलेल ते तुला माहितीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात आहे, आयकार्डचं काम माझ्याकडे. ८४६ फोटो, आणि फाइलींची नावं जो जसा टाइप करेल तशी. कुठे छोटा बी ११२, कुठे कॅपिटल. एक्सेलमध्ये सगळे रोल नंबर कॅपिटल, आणि कार्ड छापायचं सॉफ्टवेअर इतकं हट्टी की छोटा बी दिसला की फोटोच्या जागी पांढरा चौकोन. राइट क्लिक, रिनेम करत करत चाळीसेक फोटोंवर माझी मान धरली.

मग नेटवर कुठेतरी टीआर कमांड वाचली, छोटी अक्षरं कॅपिटल करून देणारी, आणि म्हटलं आधी नावांच्या यादीवर करून बघू. टीआर स्वतः फाइल उघडत नाही, बाणाने (< या खुणेने) भरवावी लागते, एवढं कळलं होतं. मी शहाणीने आत जाणारा बाण आणि बाहेर येणारा बाण दोन्ही त्याच यादीला लावले. एंटर मारलं, यादी शून्य बाइट. तेव्हा तुला फोन केला, रडतच जवळपास.

तू नाइट शिफ्टला होतास. आधी पोट धरून हसलास (हे मी विसरलेले नाही), मग सांगितलंस की टीआरची काहीच चूक नाही, तो सुरू व्हायच्या आधीच शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, ती बाहेरच्या बाणाची फाइल कोरी करून ठेवतं, मग वाचायला उरतंय काय. यादी एक्सेलमधून परत निघाली. पण नंतर तुझा पहिला प्रश्न होता, "फोटोंची कॉपी घेतलीस का?" नव्हती घेतली. घेईपर्यंत तू पुढचा एक शब्द सांगितला नाहीस.

आणि मग ते फोनवरचं डिक्टेशन! फॉर एफ इन, स्टार डॉट जेपीजी, म्हणजे एकेक जेपीजी फोटो पाळीपाळीने घ्यायचा. डॉलर, महिरपी कंस, एफ, टक्का, डॉट जेपीजी, म्हणजे शेपूट कापून नुसतं नाव एन मध्ये ठेवायचं, कारण जेपीजी छोटंच राहायला हवं होतं. पुढे परत महिरपी कंसात एन आणि दोन टोप्या, कंस बंद, आणि बाहेर डॉट जेपीजी. "टोपी म्हणजे सहाच्या वरची, शिफ्ट दाबून." एक टोपी दिली तर फक्त पहिलं अक्षर मोठं होतं, दोन दिल्या की अख्खं नाव. आणि सगळं डबल कोटात, नाहीतर "बी ४७" सारख्या मध्ये स्पेस असलेल्या नावाचे दोन तुकडे होऊन एमव्ही, म्हणजे फाइलचं नाव बदलणारी कमांड, गोंधळणार. मला वाटलं आता एंटर, तर तू म्हणालास एमव्हीच्या आधी इको लाव, आधी नुसतं बोलून दाखवू दे काय करणारे ते.

पण ८४६ ओळी डोळ्यांनी कोण तपासणार? तर तू एलएसचं (फाइलींची यादी देणारी कमांड) सगळं टीआरमधून कॅपिटल करून, सॉर्ट करून, युनिकला डॅश डी देऊन घ्यायला लावलंस, म्हणजे कॅपिटल झाल्यावर जी नावं सारखी होणारेत तेवढीच दिसतील. तीन नावं आली! पोटात गोळाच आला माझ्या. छोटा बी ११२ पण होता आणि कॅपिटल बी ११२ पण, लिनक्सला (माझ्या कॉम्प्युटरची सिस्टीम) त्या दोन वेगळ्या फाइली. एमव्हीने न विचारता एकावर दुसरी चढवली असती. उघडून बघितलं तर मुलगी तीच, छोट्या बी मध्ये डोळे मिटलेले, कॅपिटलमध्ये उघडे, फोटोग्राफरने दुसऱ्या दिवशी परत काढलेला. तिन्ही जुने फोटो बाजूला ठेवले, एमव्हीला डॅश एन लावलं की असलेल्या फाइलवर तो लिहीतच नाही, इको काढला आणि मगच एंटर. एका सेकंदात संपलं. मला उगाच अजून काहीतरी होईल असं वाटत होतं.

परवा तीच स्क्रिप्ट ताईच्या मॅकवर चालवली तर "बॅड सबस्टिट्यूशन" असा एरर. यावेळी तुला फोन न करता शोधलं हां, टोप्या बॅश (आपण वापरलेलं शेल) ४.० मध्ये आल्या २००९ साली, आणि ॲपल अजून ३.२ च देतंय. तिथे टीआरनेच काम केलं. आणि "गॅदरिंग" नावाचा एक फोटो होता तो जसाच्या तसा राहिला, आपल्या ग ला कुठला कॅपिटल! हसले एकटीच.

मंगळवारी कार्डं वाटली. ती बी ११२ वाली काउंटरवर आली, कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "बरंय, दुसराच लागला."

दिवाळीला ये, चकल्या ठेवते. आणि ते सेड का काय म्हणत होतास ते पण शिकव, पण बसून, फोनवर नको.

तुझीच,
यादी कोरी करणारी