पोनवरची तीन बोटं

प्रिय सुरेखा,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, रागावली असशीलच. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात. आज लिहायला बसले ती एका भाकरीपायी.

शेजारच्या आजी मूळच्या अलाबामाच्या. काल त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. मक्याचं पीठ, मीठ, कढत पाणी. अंडं नाही, दूध नाही, साखर तर नाहीच. लांबट गोळा वळला, बिडाच्या तव्यात ठेवला, वरून तीन बोटं दाबली. एरवी डुकराची चरबी घालतात, माझ्यासाठी तेल घातलं. ओव्हनमधून निघाली तेव्हा बोटांचे ठसे तसेच! अगं, थेट तुझ्या आईचा हात. 'ही पोन,' म्हणाल्या, आणि बशी पुढे करताना ओशाळल्या. 'गरिबाचं खाणं आहे.'

हा शब्द व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांचा, त्यांच्या बोलीत त्याचा अर्थच भाकरी. गोऱ्यांनी त्यांच्याकडून मकाही घेतला आणि शब्दही. पुढे गुलामांना आठवड्याचं मक्याचं पीठ मापून मिळायचं, त्याच्याही पोनच व्हायच्या. आणि आता एखाद्याला 'कॉर्नपोन' म्हटलं की गावठी, अडाणी!

तिथे माझा घास अडला. आठवीत सगळ्या तुला 'कळणा' म्हणून चिडवत होत्या, आठवतं? माझ्याही डब्यात कळण्याचीच भाकरी होती गं. मी झाकण उघडलंच नाही, भूक नाही म्हटलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि खाली मान घालून जेवलीस. तुला माहीत होतं ना? आईने सकाळी तुझ्यादेखतच डबा भरला होता. माझं चुकलं, सुरेखा. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आपलं दुसरं भांडण मात्र मी जिंकले! १९३१ साली इथे अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचं लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग यांच्याशी जुंपलं होतं. पालेभाजी शिजवून उरलेल्या पाण्यात पोन बुडवून खायची की कुस्करून? रूझवेल्टसुद्धा त्यात पडले. लाँग बुडवणारे, म्हणजे माझ्या बाजूचे. तू बस आमटीत काला करत.

धाकटीचं ठरलं का? छपराचं काम झालं? भाऊजींना नमस्कार.

आणि कळण्याला ज्वारी किती, उडीद किती, मीठ दळतानाच घालायचं का, ते नीट लिही. आई गेल्यापासून विचारायला कोणी नाही. रविवारी आजींकडे भाकरी न्यायची आहे.

तुझी,
मंगल