मॅडम, आपण आधी तिचे दुखणे खरे मानलेत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी जूनमध्ये, मुलगी नववीत गेली तेव्हा, गोखले रोडवरील आपल्या मानसशास्त्रीय उपचारांच्या दवाखान्याचा जिना आम्ही नाराजीनेच चढलो होतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी अर्धशिशीचे निदान करून औषध सुरू केले आणि सोबत आपल्या नावाची चिठ्ठी दिली, तेव्हा हिचे दुखणे मनाचे खेळ ठरवले जात आहे, अशीच आमची समजूत झाली. एका नातेवाइकाने तर तिच्या तोंडावर 'शाळा बुडवायची सोंगे' म्हटले होते. आपण मात्र पहिल्याच भेटीत तिला सांगितलेत, की दुखणे खरे आहे, मेंदूतील वेदनेची यंत्रणा काहीशी हळवी आहे आणि त्या यंत्रणेला शांत करणे शिकता येते. ती त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली, हे मी विसरू शकत नाही.

याला आधार काय, असे मी जरा तोडूनच विचारले होते. आपण न रागावता २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांच्या अभ्यासाची माहिती दिलीत. सर्वांना अमिट्रिप्टिलिन हे अर्धशिशी टाळण्यासाठीचे औषध दिले होते. त्याच्या जोडीला वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे उपचार, मिळालेल्या मुलांचे डोकेदुखीचे दिवस २० आठवड्यांनी महिन्याकाठी सरासरी ११.५ ने कमी झाले, तर डोकेदुखीविषयी केवळ माहिती मिळालेल्यांचे ६.८ ने. औषध बंद करा, असे आपण कधीही म्हटले नाहीत, म्हणूनच माझा विश्वास बसला.

मग डोकेदुखी, गोळ्या आणि दिनक्रम यांची रोजची नोंदवही सुरू झाली. पहिल्याच महिन्यात वेदनाशामक गोळीच्या १६ खुणा निघाल्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्यांनीच डोकेदुखी वाढू शकते, हे आपण समजावलेत आणि डॉक्टरांशी बोलून त्या कमी करवून घेतल्यात. रविवारी दहापर्यंत झोपणे आणि डबा तसाच परत आणणे, या डोकेदुखीला चालना देणाऱ्या दोन्ही सवयी वहीतच उघड्या पडल्या.

बोटाला तापमापक बांधून, डोळे मिटून, खांदे सैल सोडत बोटे ऊबदार करण्याचा, म्हणजेच शरीर शांत करायला शिकण्याचा, सराव तिला सर्वांत आवडला. एका संध्याकाळी आकडा २८ वरून ३३ अंशांवर चढला आणि तिने स्वयंपाकघरात धावत येऊन आईच्या गालाला हात लावून दाखवला. त्या हातांत इतकी ऊब आम्ही कित्येक महिन्यांत अनुभवली नव्हती.

सर्वांत अवघड पथ्य माझ्या वाट्याला आले. लोकलमधून उतरताच फोन करून 'डोके कसे आहे?' असे मी रोज विचारत असे. असे विचारल्याने तिचे सारे लक्ष पुन्हा दुखण्याकडेच वळते, म्हणून विचारू नका, असे आपण सांगितलेत, तेव्हा बापाने मुलीची चौकशीही करू नये का, या विचाराने मला फार लागले. तरी ते पाळले. आता मी 'आज शाळेत काय झाले?' असे विचारतो, आणि ती वर्तकनगरपर्यंतची बस येईतो बोलत राहते.

अर्धशिशी गेलेली नाही. मागील महिन्यात वहीत डोकेदुखीच्या चार खुणा होत्या. त्यांतील दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून होती, पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आपला तापमापक तिने अजून स्वतःजवळ ठेवला आहे. दहावीची परीक्षा संपली की ती स्वतः आणून देणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक, ठाणे