तुह्या गोष्टीतलं पोट्टं

बाई,

गोष्ट भेटली. काल रात्री लाईन गेली तं मोबाईलवरच दोनदा वाचली, तुही आई म्हणे बॅटरी संपंल, झोपा आता. आवडली मले. पण एक खटकलं ते सांगतो, रागावू नको.

तुहं पोट्टं दहावीतलं, आपल्यासारख्याच गावातलं, अन सारी गोष्ट तोच सांगून राहिला. सुरवातीले मस्त बोलते, कोठ्यातल्या गोऱ्ह्याचं तं एकदम झकास. मंग मधातच म्हणते, "माझ्या मनावर विषादाची छाया पसरली." आता सांग, पारावर बसून कोणतं पोट्टं असं बोलते? तिथं तो उठून गेला अन त्याच्या जागेवर तू येऊन बसली.

तू उन्हाळ्यात घरी सोडून गेली ते हकलबरी फिनचं पुस्तक मी पावसाच्या झडीत वाचून काढलं. डिक्शनरी घेऊन बसलो तं कितीक शब्द त्यात सापडेच ना, मंग ध्यानात आलं का पोट्टं जसं बोलते तसंच मार्क ट्वेननं लिहून टाकलं, व्याकरण गेलं उडत. 1884 चं पुस्तक, माह्या आज्याच्याही आधीचं, अन अजून वाटते का कोणी बाजूले बसून सांगून राहिलं. पण खरी मजा मले दुसरीच वाटली. हक त्या जिमले, म्हणजे पळून आलेल्या गुलामाले, मदत करते अन त्याले वाटते आपण पाप करून राहिलो, कारण लहानपणापासून त्याले तेच शिकवलं. जिमच्या मालकिणीले चिठ्ठीही लिहिते, मंग फाडून टाकते, जाऊ नरकात तं जाऊ म्हणते. आपण चांगलं करून राहिलो हे त्याले शेवटपर्यंत कळत नाही, आपल्याले कळते. अन लेखक मधात एक शब्द बोलत नाही.

मराठीत 'शाळा'तला मुकुंद पाह्य ना, नववीतला. बाहेर आणीबाणी चालू अन याचं सारं ध्यान वर्गातल्या शिरोडकर नावाच्या पोरीकडे. मोठा माणूस सांगत असता तं पहिल्याच पानावर भाषण ठोकलं असतं. (कोसलातला पांडुरंग सांगताना पंचवीसचा आहे, त्याले मागचं आठवून हसता येते. तुहं पोट्टं अजून पंधराचंच आहे, त्याले एवढं शहाणं करू नको.)

आता कापूस विकायचा भाग. तिथं तू लिहिलं, "बाबांच्या डोळ्यांत साऱ्या शेतकऱ्यांचं दुःख दाटून आलं होतं." अवं, माह्या डोळ्यात फुफाटा गेला होता. आठवते का, आठवीत होती तू, बंडीवर माह्यासंग आली होती. ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडला, मी हुज्जत घालून राहिलो अन तू काट्यावरच्या माणसाच्या शर्टाकडे पाहत होती. परत येताना सांगितलं का बाबा, त्याच्या एका शर्टाले चार रंगाचे बटन होते. ते बटन गोष्टीत काऊन नाही? मंग टपरीवर तू दोन आलूबोंडे खाल्ले, मी नुसता चहा पेलो, अन घरी येऊन आईले म्हणाली, बाबाले आलूबोंडा आवडत नाही. पोट्ट्याले तेवढंच म्हणू दे, पुढं काही लिहू नको.

आवडते मले, तसं.

अन तुह्या मॅडमनं 'काऊन'ले लाल गोल केला ते फोटोत दिसलं. बाकी काय सुधरायचं ते सुधर, तो शब्द राहू दे, तुही आजी दिवसातून पन्नासदा म्हणते.

पऱ्हाटीले यंदा बोंडं बरे आहेत. पुढच्या आठवड्यात वावरात सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू करू म्हणतो. तू येशील तं रविवारी ठेवतो, नाहीतं तुही आई बुधवारचं म्हणून राहिली. काय ते आजच कळव, मजुरायले सांगा लागते.

तुहे बाबा