देखभाल करारातील पियानोचे नुकसान आणि अमान्य बिलाबाबत तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
मुंबई

महोदय,

आमच्या जुन्या ग्रँड पियानोवर प्रिपेअर्ड पियानोचे, म्हणजे तारांत बोल्ट, स्क्रू अशा वस्तू बसवून नाद बदललेल्या पियानोचे वादन होते, हे वार्षिक करार करतानाच आम्ही लेखी कळवले होते. त्यापोटी जादा शुल्कही तुम्ही घेतलेत. तरी यंदाच्या बिलावर ‘तारांत स्क्रू घातल्यामुळे झालेली हानी, करारात बसत नाही’ असा शेरा आहे. तो आम्हाला मान्य नाही.

तुमचे तंत्रज्ञ आले तेव्हा अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ची तालीम चालू होती. त्यासाठी ४५ स्वरांच्या तारांत बोल्ट, स्क्रू, रबराचे तुकडे बसवावे लागतात. कोणती वस्तू डँपरपासून (पट्टी सोडताच तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीपासून) किती इंचांवर, याचा तक्ताच केज यांनी दिला आहे. आमचे शिक्षक येऊन सगळे काढतील, तोवर थांबा, असे शिपायाने सांगितले. तंत्रज्ञ थांबले नाहीत. पकडीने बोल्ट उपटले आणि सरसकट एका डब्यात टाकले. विद्यार्थ्यांनी मापे घेऊन केलेली मांडणी गेली ती गेलीच.

उजवे पेडल दाबून डँपर वर उचललेले ठेवायचे, तारा हलकेच फाकवायच्या, मग वस्तू काढायची, हे आमच्याकडच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक आहे. पेडल न दाबता केलेल्या ओढाओढीत मधल्या सप्तकाचे डँपर वाकले. आता पट्टी सोडली तरी स्वर गुंजत राहतो.

राहिली तुटलेली तार. ती खर्जातली, तांब्याचे वेटोळे असलेली आहे. बोल्टच्या आट्यांनी तांबे सोलवटते म्हणून त्या तारांत आम्ही काहीच घालत नाही. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पियानो सुरात बराच उतरला होता. त्याला एका दमात ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर खेचताना तुमच्याच सूर लावायच्या किल्लीखाली ती तुटली. याला स्क्रू कसा जबाबदार, ते तुम्हीच सांगा.

बिल रद्द करावे, त्याच जाडीची तार बसवावी आणि डँपर नीट करायला प्रिपेअर्ड पियानो पाहिलेला माणूस पाठवावा, तोही कार्यक्रमाआधी. तोवर कराराचा पुढचा हप्ता थांबवला आहे. लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपला,
व्यवस्थापक, संगीत विद्यालय
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: करार आणि शेरा असलेले बिल यांच्या प्रती, वाकलेल्या डँपरची छायाचित्रे